गाडीच्या मेंढ्याचं आमंत्रण

कोचकोर,
१२ फेब्रुवारी २००४

आदरणीय भाऊजी,

सलाम. तुम्ही आणि जाऊबाई खुशाल असाल. सुनेचं बाळ आता धरून धरून उभं राहत असेल, मेंढ्यांना गवत पुरत असेल. आमचं इकडे बरं चाललंय. सासूबाईंना सांगा की गुडघ्याचं मलम मिळालं.

पत्र बघून तुम्ही चकित झाला असाल. एकाच गल्लीत राहणाऱ्या भावजयीने दिराला पत्र लिहायचं म्हणजे थेरंच. पण मला जे तोंडाने बोलायचं आहे ते चार माणसांत बोलायचं आहे, आणि त्याआधी ते तुमच्या कानावर घालावं एवढी रीत मी अजून पाळते. मिनीबसवाल्या तालायच्या हाती पत्र देतेय. तो आज संध्याकाळी गावात पोचेल, आम्ही उद्या.

आम्ही म्हणजे मी, माझा भाऊ एसेनबाय आणि ट्रक. हो, घेतला. लष्कराने मोडीत काढलेला, सहा चाकांचा, हिरवा. तुमच्या गाडीची सख्खी बहीणच म्हणा. मी लिलावाला निघाले तेव्हा तुम्ही दुकानापाशी म्हणाला होतात, "जाऊ द्या, येताना खेळण्यातली मोटार घेऊन येईल." तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं होतं. गावात बोललेलं पोचतंच.

चालवतेय मीच. कोल्खोजच्या, त्या सरकारी सामूहिक शेतीच्या दिवसांत मी दुधाची गाडी हाकायचे हे तुम्ही विसरला असाल. मुकाश कधी विसरला नाही. तो मला पहिल्यांदा भेटला तोच रस्त्यात हात दाखवून. नंतर आयुष्यभर म्हणायचा, "मी बायको नाही केली, फुकटची गाडी केली." हात मात्र आता मऊ पडलेत. शहराबाहेर पडेपर्यंत गिअर माझ्याशी भांडत होता आणि एसेनबाय शेजारी बसून डोळे मिटून कलमा पढत होता. "ताई, हा ट्रक आहे की रणगाडा? मागून कुणी हॉर्न वाजवला तर आपणच शरण जाऊ."

बोओमच्या घाटात वाहतूक पोलिसाने दुरून हिरवी गाडी बघितली आणि खाडकन सलाम ठोकला. जवळ आलो तर आत डोक्याला शाल गुंडाळलेली बाई. बिचाऱ्याचा हात कपाळावरच राहिला. "कुठली पलटण, आपा?" म्हणाला. एसेनबायने सांगितलं, "विधवांची." पोलीस हसला, मलाही हसू आलं. बालिकचीला धुरावलेले मासे घेतले, तेच खात इथवर पोचलो. इथे ब्रेकची हवेची नळी फाटली आहे. एसेनबाय गाडीखाली पडून शिव्या देतोय आणि मी चहाच्या टपरीत बसून लिहितेय.

आता तुमच्या मनात काय आलं असेल ते मला दिसतंय. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर अख्ख्या गावाचे तंबू, चुली, आजारी म्हाताऱ्या तुमच्या एकट्याच्या गाडीतून जातात. तुमची मर्जी असेल त्याचा तंबू आधी चढतो, नसेल तो चिखल वाळेपर्यंत बसून राहतो. मीही दोनदा बसले. गाडी घ्यायचं मनात आलं ते त्यावरूनच. तुमचा धंदा बुडवायचा, एवढाच माझा बेत होता. त्यात लपवायचं काही नाही.

पण गाडी ताब्यात घेताना कोठारावरच्या म्हाताऱ्या हवालदाराने मला बाजूला बोलावलं. सगळं समजावून दिलं आणि शेवटी इंजिनापाशी बसवलेला एक छोटा बंब दाखवला. "बाई, तुमच्याकडे थंडी मरणाची. हा आधी पेटवायचा. पाणी, तेल सगळं गरम होतं. इंजिन दगड झालेलं असू दे, तुमची चहाची किटली रिकामी व्हायच्या आत चालू होतं. हिला बनवलंच आहे बर्फासाठी."

मी म्हटलं, आमच्या गावात अशीच एक आहे, पण ती थंडीत गोठते.

तो हसला. "तुमच्या भागात मी एकच विकली. वरच्या ओळीत सोन्याचा दात असलेला माणूस होता. त्याला बंब मीच शिकवला. चलाख गडी, एकदा दाखवलं आणि दुसऱ्यांदा त्याने स्वतः पेटवला."

भाऊजी, वरच्या ओळीत सोन्याचा दात आपल्या गावात तुमचाच. गाडीत जाऊन बसले. एसेनबाय म्हणाला, "ताई, किल्ली फिरव की."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली ती दुपार तुमच्या लक्षात आहे ना? अंगणात ऊन होतं. मुकाशचं पोट लाकडासारखं कडक झालं होतं, तो भिंतीकडे तोंड करून दात आवळत होता. मी धावत तुमच्याकडे आले. तुमची गाडी दारातच उभी होती, टपाला लाल फिती बांधलेल्या, मागे नवे गालिचे अंथरलेले. दुसऱ्या दिवशी मुलासाठी नवरी आणायची होती. जाऊबाई लग्नासाठी पिठाचे बोरसोक तळत होत्या. तुम्ही टोपी मागे सारलीत आणि म्हणालात, "अल्लाची शपथ, इंजिन गोठलंय गं. तेलाचं मेण झालंय. उद्या उन्हात सुटलं तर सुटलं."

आम्ही त्याला घोड्याच्या घसरगाडीवर घातलं. दवाखाना खिंडीच्या पलीकडे. खिंड चढेपर्यंतही तो राहिला नाही. शेवटी शेवटी मलाच समजावत होता, "दादाची गाडी सुरू झाली की तो मागून येईल बघ." रस्तावाल्यांच्या खोपटात त्याच्याजवळ बसून राहिलो आणि सकाळी त्याला घेऊन परत निघालो. तेव्हा समोरून तुमची गाडी आली. फिती फडफडत होत्या. आम्ही घसरगाडी कडेला बर्फात घेतली, तुम्हाला वाट दिली. तुम्ही हॉर्न वाजवलात आणि पुढे गेलात. नंतर म्हणालात की काचेवर बर्फ होतं, दिसलं नाही.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला. सासूबाई रडून रडून विचारायच्या, "मोठ्याने का नाही नेलं गं?" तर मीच त्यांची समजूत घालायचे, "आत्या, लोखंड आहे ते, थंडीत आखडतं." तुमची वकिली मी केली, भाऊजी. मुकाशच्या आईपुढे.

आता मला कळतंय. मरायला टेकलेला माणूस नवरीच्या गालिच्यावर नको, अपशकुन होईल, एवढंच होतं. सख्खा भाऊ होता तुमचा. गालिचे गुंडाळून ठेवायला किती वेळ लागला असता?

मी खूप विचार केला. पंचांकडे जावं, तर तुम्हीच पंच. तुमच्या दारात येऊन ओरडावं, तर तुम्ही म्हणाल, बिचारीचं डोकं फिरलं, आणि लोक मान डोलावतील. म्हणून मी ओरडणार नाही. मी तुम्हाला जेवायला बोलावते आहे.

नव्या गाडीसाठी रक्त सांडावं लागतं. परवा सकाळी माझ्या अंगणात मेंढा कापणार. चाकाला रक्त लावायचं आणि मग कुळातल्या सर्वांत थोराने हात पसरून दुवा द्यायची. थोर तुम्हीच आहात. न येऊन चालणार नाही, अख्खं गाव विचारील, धाकट्याच्या विधवेला दुवा द्यायला हा का आला नाही? तुम्ही याल, मला ठाऊक आहे.

गाडी मी रात्रभर उघड्यावर ठेवणार आहे. तिच्यावर घोंगडंसुद्धा टाकणार नाही. आपल्याकडची थंडी तिच्या हाडापर्यंत जाऊ दे. सकाळी सगळे जमले, चहा ओतला गेला की मी सगळ्यांसमोर बंब पेटवीन. काही सांगणार नाही, कुणाकडे बोट दाखवणार नाही. लोक चहा पितील आणि त्यांचे पेले रिकामे व्हायच्या आत इंजिन सुरू होईल. आपल्या गावात मूर्ख कोणी नाही. तुमची गाडी सगळ्यांनी बघितलेली आहे, ती घसरगाडीही सगळ्यांनी बघितलेली आहे. सासूबाईंना मी पुढे, शेकोटीजवळ बसवणार आहे.

माझा राग घाटातच निवला. मला फक्त तुमची मान खाली गेलेली बघायची आहे, आणि ती बघितल्याशिवाय मी मरणार नाही.

आणखी एक. सुनेने सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. लग्न झाल्यापासून मी ते पाळलं. तुमच्या नावाचा एक पोरगा वरच्या आळीला आहे, त्यालाही मी आजवर "ए लांब्या" म्हणूनच हाक मारली. ते थोरपणासाठी पाळायचं असतं. परवा इंजिनाचा आवाज घुमायला लागला की मी तुमच्यासमोर येऊन उभी राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन. लिहिताना आत्ताही हात अडखळला, पण लिहिते.

दुवा द्या, ओमुरझाक.

मुकाशची बायको,
जिपार