डाल्याखालचं पिल्लू

बाबा, तुमच्या नातीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं आहे. दोन महिन्यांचं, तपकिरी, पोट टम्म फुगलेलं. धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी जाळीचा पिंजरा मांडला आहे. आत गादी, पाण्याची वाटी आणि तिचा एक जुना टी-शर्ट. दिवसा पिंजऱ्याचं दार उघडंच असतं, खाऊ आत ठेवला की ते आपणहून जाऊन बसतं. रात्री दार लागलं की रडतं. पहिल्या रात्री मी दोनदा उठले, तर ती खोलीतून बाहेर आली. "आई, तू काय करून राहिली इथं? आपण आलो की त्याला वाटतं, रडलं की माणूस येतो. होईल सवय, झोप तू." मी परत येऊन पडले. पिल्लू रडत राहिलं आणि मला आपलं नंदनवनकडचं जुनं घर आठवत राहिलं, हातमागाची ती खोली, आणि तुम्ही.

मी दहा वर्षांची होते. कुत्रं पाहिजे म्हणून वर्षभर तुमच्या मागे लागले होते. एकदा तुम्ही काटोलला कुणाच्या तरी लग्नाला गेलात आणि संध्याकाळच्या बसनं परत आलात ते सदऱ्याच्या आत पिल्लू घेऊन. "याची माय मेली संत्र्याच्या बगीच्यात. घे तुले. पण रात्री रडलं तं तूच उठाचं, मी नाही उठणार." उठीन म्हणाले. मागाच्या खोलीत सगळीकडे सूत, शिवाय विणताना पाय सोडायचा मागाचा खड्डा. पिल्लू त्यात पडू नये म्हणून तुम्ही कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं आणलंत, खाली गोणपाट टाकलं आणि पिल्लू त्याखाली ठेवलं. चार रात्री मी उठले. डालं उचलायचं, त्याला मांडीवर घ्यायचं, ते झोपलं की परत ठेवायचं. पाचव्या रात्री मी जागी होते, ऐकत होते, पण हलले नाही. तुम्ही येऊन माझ्या खांद्याला हात लावलात. "ऊठ वं माय. लेकरू रडून राहिलं अन् तू ऐकून राहिली? मांगतलं कोणं होतं?"

तुमचा आवाज चढलेला नव्हता. पण मला राग आला. मी गेले, तर त्यानं डाल्याखालून नाक बाहेर काढलेलं. मी दोन्ही हातांनी डालं खाली दाबलं, जोरात. ते किंचाळलं आणि त्याच वेळी डाल्याची तुटलेली बांबूची कमटी माझ्या मनगटात शिरली; मी हात झटकला तसं डालं उलटलं. तुम्ही दिवा लावून धावत आलात. मी उभी आहे, मनगटातून रक्त वाहतं आहे, पिल्लू कोपऱ्यात दडून बसलं आहे. "चावलं का?" तुम्ही विचारलंत. मी मनगट दाबून धरलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी हो म्हणून मान हलवली.

सकाळी शेजारपाजारचे जमले. आदल्या वर्षी गल्लीत एक कुत्रं पिसाळलं होतं, त्याची धास्ती सगळ्यांना होती. घरात लेकरंबाळं आहेत, आजच्या आज सोडून या, असं जो तो तुम्हाला सांगत होता. आई सुताच्या कांड्या भरायचं सोडून नुसती बसून होती. तुम्ही पिल्लाला पोत्यात घातलंत, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलंत आणि उमरेड रोडनं गेलात. मी दारात उभी राहून पाहत होते. तासाभरानं आलात तेव्हा पोतं घडी घालून हँडलला अडकवलेलं होतं. मग मला सरकारी दवाखान्यात नेलंत. डॉक्टर सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले. "कुत्रं सोडलं काहून? दहा दिवस बांधून पाहाचं होतं. आता पोरीले चौदाच्या चौदा सुया घ्याव्या लागतील." तुम्ही हात जोडून उभे होतात. मी तुमच्या शेजारीच होते, बाबा. तेव्हा बोलता आलं असतं.

चौदा दिवस तुमचा माग सकाळी बंद राहिला. रोज मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात. सुई पोटात. तुम्ही माझं डोकं छातीशी धरता आणि भिंतीकडे पाहता. माझं पोट सुजतं, मी रात्री कुशीवर वळू शकत नाही, आणि तरी तोंड उघडत नाही. कारण आता सांगितलं तर मार बसेल याची भीती नव्हती, तुम्ही माझ्याकडे कसं पाहाल याची होती. परत येताना तुम्ही मला संत्र्याची बर्फी घ्यायचात. मी ती रोज खाल्ली.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही आमच्याकडेच होतात. एका दुपारी मी पेज भरवत होते. तुम्ही चमचा बाजूला सारलात. "मले एक सांग. म्या ते जनावर आणलं नसतं, तं तुह्या पोटात सुया टोचल्या नसत्या. लई खुपते मले. माफ कर वं मले." मी चाळीशी ओलांडलेली बाई. शिक्षिका म्हणून शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करत होते. आणि मी म्हणाले, "जाऊ द्या न बाबा, मी कधीच माफ केलं." तुम्ही डोळे मिटलेत. चेहरा सैल झाला. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की, तुम्हाला शांतपणे जाता आलं ते माझ्या त्या शब्दांमुळे. पण माफी तुम्ही मागायची नव्हतीच, मी मागायची होती; आणि उलट तुमचीच मी घेतली.

पिल्लाच्या चौथ्या रात्री मला राहवलं नाही. मी पिंजऱ्याशी जमिनीवर बसले आणि जाळीतून बोटं आत घातली. तुमची नात आली. रागावेल असं वाटलं, पण ती खालीच बसली. "काय झालं आई?" मग मी सगळं सांगितलं, कमटीपासून पेजेपर्यंत. "म्हणजे आजोबांना कधीच कळलं नाही?" मी नाही म्हटलं. तिनं पिल्लाला खाली अंगणात नेऊन आणलं, पिंजरा उचलून स्वतःच्या पलंगाला लागून ठेवला. "इतकं दूर ठेवलं ही माझीच चूक. माणसाचा वास आला की राहील ते." तेव्हापासून दार लावलं की थोडं कुरकुरतं, ती जाळीवर हात ठेवते आणि ते झोपतं. एवढंच लागत होतं त्याला.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील, वही कपाटात. एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही. तुम्ही त्या पिल्लाला सोडून आलात त्या रात्री मागाच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा लावून एकटेच बसला होतात, हे आईनं मला फार नंतर सांगितलं. मला ते ठाऊकच नव्हतं. पिल्लाचं रडणं नव्हतं, घर शांत होतं, आणि मला गाढ झोप लागली होती.