क्लाइव्ह डॅनबरीचा जालन्यातला एकमेव माणूस

५ एप्रिल, रविवार

आज कपाट आवरलं. मीनाच्या चांगल्या साड्यांचा कप्पा बरेच दिवस मागत होतो, तो मिळाला. आता तो पूर्ण क्लाइव्ह डॅनबरीचा. मीना म्हणाली, मंग साड्या कुठं ठेवू. म्हणालो, साडीची घडी घालता येते, रेकॉर्डची येत नाही. यावर तिने उत्तर दिलं, पण ते रेकॉर्डबद्दल नव्हतं.

एकदा नीट लिहून ठेवतो. डॅनबरीच्या बँडच्या गाजलेल्या रेकॉर्ड कुणीही घेतं. संभाजीनगरला एका डॉक्टरने त्यातली एक फ्रेम करून वेटिंग रूममध्ये लावली आहे. आपण त्या वाटेला जात नाही. बँड मोडल्यावर तो एकटा जे गायला, जे त्याच्या देशातही कुणी विकत घेतलं नाही, ते आपण जमवतो. जालना जिल्ह्यात असा माणूस एकच. तो बियाणे कंपनीच्या पॅकिंग विभागात बसतो, पण ते पोटासाठी.

आता फक्त दोन राहिल्या. 'नो चेअर्स' आणि शेवटची, 'सॉल्ट अँड सिमेंट'. सेट पूर्ण झाला की प्लेअर घ्यायचा. घाईत घेतलेला प्लेअर रेकॉर्डचा नाश करतो. आणि मोबाइलवर ऐकणं हा डॅनबरीचा अपमान आहे. त्यामुळे अजून त्याचं एकही गाणं ऐकलेलं नाही. याला शिस्त म्हणतात.

१२ एप्रिल, रविवार

साडू आले होते. देवानंदराव, मीनाच्या धाकट्या बहिणीचे, प्रीतीचे मिस्टर. मंठ्याला खत-बियाण्याचं दुकान. माणूस साधा आहे. कपाट उघडून दाखवलं. हात लावू दिला नाही. त्यांनी विचारलं, भाऊ, यातलं चांगलं कोणतं? म्हणालो, चांगलं-वाईट हा बाजारू विचार झाला. मग विचारलं, एखादं लावता का? प्लेअरची भूमिका समजावून सांगितली. मान डोलावत ऐकलं आणि डॅनबरीचं नाव पेनाने तळहातावर लिहून घेतलं.

कीव आली. मंठ्याला पोचेपर्यंत घामाने पुसलं जाईल.

२२ एप्रिल, बुधवार

देवानंदराव बँकॉकला गेले. टार्गेट पूर्ण केलं की कंपन्या डीलर लोकांना फिरवून आणतात. पॅकिंग विभागाला डायरी देतात. ही रोजनिशी त्याच डायरीत लिहितो आहे.

मला काही वाटलं नाही. मीनालाही तसं दोन-तीनदा सांगितलं.

३ मे, रविवार

संकल्प: देवानंदरावांचं स्टेटस बघायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी

बघितलं. दुकानाच्या काउंटरवर प्लेअर. प्लेअरवर रेकॉर्ड. शेजारी कव्हर उभं केलेलं, फवारणीच्या पंपाला टेकवून. 'नो चेअर्स'. बँकॉकच्या कुठल्याशा बाजारात सहज मिळाली म्हणे. सहज. मी ज्या रेकॉर्डसाठी दोन वर्षं अनोळखी लोकांना इंग्रजीत विनवण्या करतो आहे, ती.

कव्हर पंपाला टेकवतात का?

मीनाला म्हणालो, मला आनंदच आहे, आवड पसरली पाहिजे. ती म्हणाली, मंग जेवा न, ताट गार होऊन राह्यलं.

१० मे, रविवार

कामानिमित्त मंठ्याला गेलो होतो. काम काय होतं ते मीनाने विचारलं. कामं असतात.

दुकानात गर्दी. कापसाच्या बियाण्याची चौकशी करायला आलेली माणसं बाकावर बसून डॅनबरी ऐकत होती. एक म्हातारे तर बियाणं घेऊन झाल्यावरही उठेनात. देवानंदरावांनी मला बघून आवाज मोठा केला. भाऊ, तुमच्यामुळं घावला हा माणूस, मला त्यातलं काही कळत न्हाई, पण लई बेस वाटून राह्यलं, म्हणाले. वर, या रेकॉर्डमधलं तुम्हाला कोणतं आवडतं, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी विचार करून म्हणालो, दुसरी बाजू, त्याचं गाणं खरं तिथे खुलतं. ते म्हणाले, दुसऱ्या बाजूला तो गातच न्हाई भाऊ, नुसती गिटार हाय. म्हणालो, तेच म्हणतो आहे मी.

देवानंदरावांना ते फार पटलं. बाकावरच्या म्हाताऱ्यांना पटल्यासारखं वाटलं नाही.

येताना ठरवलं: 'सॉल्ट अँड सिमेंट' आपल्याकडे आधी आली पाहिजे. ती त्यांच्याकडे गेली तर मी जिल्ह्यात दुसरा. दुसरा म्हणजे कोणीच नाही.

१४ मे, गुरुवार

ऊन भयंकर. रेकॉर्ड उष्णतेने वाकतात, म्हणून कूलरचं तोंड कपाटाकडे केलं. मीना उशी घेऊन कपाटासमोर जाऊन झोपली.

१७ मे, रविवार

आजपासून धोंड्याचा महिना. जावयांचा महिना. पिंपळगाव रेणुकाईहून सासऱ्यांचं, म्हणजे कडूबामामांचं, जेवणाचं आमंत्रण येणारच. वाण म्हणून मागच्या धोंड्याला चांदीचा ग्लास दिला होता. देवानंदरावांनाही तसाच. मामांचं ब्रीद एकच, दोन्ही जावई मला बराबर.

योजना सुचली. मागायचं नाही, जावयाने मागू नये. मीनाने बोलता बोलता माहेरी सांगावं की यांना यंदा भांडंकुंडं नको, एक अमुक रेकॉर्ड हवी आहे. नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. देवानंदरावांना काय, ते चांदीवर खूश.

२४ मे, रविवार

योजना फत्ते. मामांचाच फोन आला. जावईबापू, ते सिमेंटाचं काय म्हणून राह्यली मीना? बांधकाम काढलं का काय? नीट समजावलं. ते म्हणाले, बिलकुल काळजी करू नका, यंदा तेच. मी इथं खेड्यात कुठं हुडकू, म्हणून देवानंदला सांगितलंय. त्याला त्यातलं कळतं.

त्याला त्यातलं कळतं.

हे वाक्य मामांच्या तोंडून. मीच कूलरसमोर जाऊन बसलो.

३० मे, शनिवार

मिळाली. मुंबईच्या एका दुकानात एकच प्रत होती, ती देवानंदरावांनी मागवून घेतली. आत्ता ती मंठ्यात आहे. माझी रेकॉर्ड, दुकानामागच्या त्यांच्या घरात, त्यांच्या प्लेअरपासून दहा पावलांवर.

फोन करून सहज विचारलं, उघडली का? म्हणाले, न्हाई भाऊ, मामांनी द्यायची हाय, आपण कशी उघडावी. आवाजात नको इतका प्रामाणिकपणा होता.

१ जून, सोमवार

सकाळी फोन केला, पाऊस काय म्हणतो म्हणून. मागे गाणं चालू होतं. दुपारी केला, मागे गाणं. संध्याकाळी प्रीतीने उचलला. दाजी, तब्येत बरी आहे न तुमची, म्हणाली.

मागे वाजत होतं ते कुठलं, हे मला ओळखता आलं असतं, तर पुरावा मिळाला असता. अडचण तेवढीच आहे.

७ जून, रविवार

पिंपळगाव. आता जे झालं ते शांतपणे लिहितो.

रेणुकाईचं दर्शन झालं. जेवण उत्तम. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. दोन पाट शेजारी शेजारी, मी आणि देवानंदराव. सासूबाईंनी, म्हणजे नंदाबाई मामींनी, ओवाळलं. तेहेतीस-तेहेतीस अनारशांची ताटं दिली. मग मामांनी आतून 'सॉल्ट अँड सिमेंट' आणली. उघडलेली नव्हती. पाहून मला भरून आलं. देवानंदरावांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दया आली असती.

मामांनी प्लॅस्टिक नखाने फाडलं. आत हात घातला. एक तबकडी काढली. पुन्हा हात घातला. दुसरी काढली.

ती दोन रेकॉर्डची आहे हे मला माहीत होतं. मामांना नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, बघा, देवानं बराबर दोन धाडल्या. मला घोर लागल्ता, एकाला द्यावं तं दुसऱ्याला काय द्यावं. आणि एक माझ्या ताटात ठेवली, एक देवानंदरावांच्या. अनारशांवर. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मामी पुढे झाल्या. नवी वस्तू तशीच कशी द्यावी, म्हणून दोन्ही तबकड्यांवर हळदकुंकवाची बोटं ओढली. मधल्या कागदावर नाही. काळ्यावर.

कव्हर देवानंदरावांना. आणलं त्यांनी म्हणून.

मामा म्हणाले, हाय का कुणाला कमीजास्त? घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, नाही.

८ जून, सोमवार

देवानंदरावांची तबकडी मागायची नाही. स्वाभिमान. ते स्वतःहून देतील. जगात कुठलाही सुसंस्कृत माणूस अर्धा अल्बम ठेवून घेत नाही.

९ जून, मंगळवार

दिली नाही.

मीना म्हणाली, तुम्ही तरी कुठं दिली तुमची त्यांना. हा मुद्दा गैरलागू आहे.

११ जून, गुरुवार

त्यांचा फोन. भाऊ, तुमची घेऊन या, संगं ऐकू. माझ्यावाली दोनदा ऐकून झाली, पुढं काय होतं त्याचा घोर लागून राह्यला. रजा टाकून गेलो. हेतू एवढाच, की माणूस ऐकण्यात गुंग असताना तबकडीचा विषय काढायचा.

तर आज क्लाइव्ह डॅनबरी पहिल्यांदा पूर्ण ऐकला.

हे फक्त इथे लिहितो. मला काही झालं नाही. तो ओरडत होता, मागे बोअर मारल्यासारखं काहीतरी सुरू होतं. मी कव्हर हातात घेऊन चेहरा गंभीर ठेवला. आता आवडेल, या गाण्यात आवडेल, पुढच्यात नक्की, असं करत चारही बाजू संपल्या. मधे मधे कुंकवाच्या जागी सुई टकटक करायची. देवानंदराव डोळे न उघडता म्हणाले, मामी वाजून राह्यल्या. आणि हसले. त्यांचा पाय हलत होता. शेवटच्या गाण्याला त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, गिऱ्हाईक नको म्हणून. ऐन पेरणीच्या दिवसांत, बियाण्याचं गिऱ्हाईक.

संपल्यावर त्यांनी सुई उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाले, भाऊ, तुमची मजा हाय, तुम्ही हे किती वर्षांपासून ऐकून राह्यले.

एवढा जळफळाट मला त्यांच्या बँकॉकचा झाला नव्हता. पाय आपोआप हलतो म्हणजे काय? माझा का हलत नाही? तबकडीचा विषय काढायचं राहून गेलं.

१४ जून, रविवार

विजय.

आज देवानंदराव स्वतः आले. पिशवीत त्यांची तबकडी, कव्हर आणि वर 'नो चेअर्स'सुद्धा. म्हणाले, तुमच्याकडं असलेलं बरं भाऊ, सेट पुरा पाहिजे, तुम्ही एवढं जपता. मी म्हणालो, छे छे, आणि पिशवी घेतली. मग रीत म्हणून विचारलं, तुम्हाला लागेल की ऐकायला. ते म्हणाले, आता न्हाई लागत, पाठ झालं सगळं.

चहा घेऊन गेले. जिना उतरताना गुणगुणत होते. मीना स्वयंपाकघरातून म्हणाली, किती छान म्हणून राह्यले भाऊजी, कशातलं आहे ते?

मला सांगता आलं नाही. म्हणालो, त्यांचं काहीतरी.

१५ जून, सोमवार, सकाळी

सेट पूर्ण. कपाट उघडून बराच वेळ समोर बसलो. जिल्ह्यात एकमेव. सगळ्या जागच्या जागी आहेत. हरवलेली एकही नाही, दुसऱ्याकडे असलेली एकही नाही.

मीनाने पुन्हा विचारलं, कालचं ते म्हणा न जरा, सुरुवात कशी आहे त्याची. खोलीचं दार लावून घेतलं. डोळे मिटले. पाय हलवून बघितला. देवानंदराव जिन्यात काय गुणगुणले ते आठवायचा मनापासून प्रयत्न केला. सूर येईना. सुरुवात येईना. शेवटी एकदाचं काहीतरी ओठांवर आलं आणि मी जोरात म्हणायला लागलो.

बाहेरून मीनाने कचऱ्याचा डबा उचलल्याचा आवाज आला. ती म्हणाली, आज घंटागाडी लवकर आली का?