दर तीस सेकंदांनी एक फोटो

३ मार्च, सोमवार. सकाळ

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नाही, ऑफिसच्या समुपदेशक बाईंचा हुकूम. रोज लिहा, मनातलं सगळं लिहा, कुणी वाचणार नाही. बरं.

घटना अशी. मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. काट्यावर वजन ठेवायचं, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, सही करायची. सतरा वर्षं वाट बघतोय, यावरून माझ्या स्वभावाचा अंदाज यावा. गेल्या गुरुवारी एक काटा काही केल्या स्थिर होईना. आधी समजावलं. मग एक ठोसा दिला. अडतीस किलोंवर स्थिर झाला तो कायमचाच. साहेबांना ठोसा दिसला, काट्याचा आगाऊपणा दिसला नाही.

बाईंचं निदान: राग. माझं निदान: काटा सदोष. शेवटी तडजोड झाली. संयम लागेल असा छंद लावून घ्यायचा. त्यांनीच स्टॉप मोशन सुचवलं. वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत जराशी सरकवायची. फोटो ओळीने पळवले की वस्तू चालायला लागते. नाहीतर टाइम लॅप्स: कॅमेरा ठेवून द्यायचा, तो ठरावीक वेळाने आपापला फोटो काढतो, आणि दिवसभरात उमललेलं फूल दहा सेकंदांत उमलतं.

बायकोनेही संधी साधून अट घातली. घरात आता एक जरी वस्तू फुटली तर ती भावाकडे जाणार, आणि या वेळी परत येणार नाही. म्हटलं, मंजूर. मी मुळात शांत माणूस आहे.

५ मार्च

फूल रद्द. लढाई करायची. मातीचे चाळीस सैनिक, वीस निळे, वीस पिवळे. शेवटी एकही जिवंत नाही. नाव ‘चाळीस मुडदे’. रक्तासाठी लाल माती वेगळी आणली. बायकोने विचारलं, अहो, हे संयमासाठी ना? म्हटलं, चाळीस माणसं अशी इंचाइंचाने मारायला संयमच लागतो.

कॅमेऱ्याचा अभ्यास तीन तास. फोकस, उजेड, रंग, सगळं आपल्या हाताने ठरवता येईल असाच कॅमेरा हवा. त्याला स्वतःची अक्कल चालवू दिली की प्रत्येक फोटोत उजेड वेगळा पडतो आणि फिल्म लुकलुकते. ट्रायपॉड जड हवा. रिमोट हवा, म्हणजे बटण दाबताना कॅमेऱ्याला बोट लागायला नको. आणि बॅटरीऐवजी थेट प्लगला जोडायचा अडॅप्टर.

मेहुण्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, दाजी, माझा जुना मोबाइल घ्या, स्टँडला लावा, महिनाभर हात बसू द्या, मग बघू कॅमेऱ्याचं. मोबाइलवर युद्ध! बिचाऱ्याची झेपच तेवढी.

८ मार्च

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशाचे फोटो काढणार? म्हटलं, मुंडकी उडतानाचे. तो एक पाऊल मागे गेला. मातीची, असं सांगेपर्यंत त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला सुरुवात केली होती. हे अपमानास्पद आहे.

तरी शांतपणे सगळं तपासलं. ट्रायपॉड स्थिर आहे का, हे बघायला त्याला एक लाथ घातली. आडवा झाला. दुसऱ्याला घातली. तोही. तिसऱ्याला घालायच्या आत दुकानदार मध्ये आला. म्हणाला, साहेब, ट्रायपॉडला लाथ मारायची नसते, त्यावर कॅमेरा ठेवायचा असतो. शास्त्रीय चाचणी म्हणजे काय हे याला कोण सांगणार!

कॅमेरा घेतला. जुना पण दणकट, सगळं हाताने. ट्रायपॉड मात्र हलकाच घेतला, कारण जड ट्रायपॉड तो माझ्या हातात द्यायलाच तयार नव्हता. अडॅप्टर घेतला नाही. बॅटरी भरलेली असताना उगाच कशाला?

काउंटरच्या काचेला तडा गेला. आधीपासूनच असावा.

९ मार्च, रविवार

सैनिक तयार. मागच्या खोलीतल्या टेबलावर पेन्सिलने खुणा केल्या, कोण कुठे उभा राहणार ते. निळ्यांचा सेनापती साहेबांसारखा झालाय. मुद्दाम नाही.

१६ मार्च, रविवार

शूटिंगचा पहिला दिवस. सेकंदाला बारा फोटो. सकाळपासून दुपारपर्यंत साठ फोटो, म्हणजे पाच सेकंदांचं युद्ध. निळ्या सेनापतीची मान अर्धी कापली गेली आणि बॅटरी संपली. नवी घालायची तर कॅमेरा ट्रायपॉडवरून काढावा लागतो. काढला, घातला, बघतो तर सगळं रणांगण दोन बोटं डावीकडे.

मी दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला सेनापती भिंतीवर होता.

नोंद: माती फुटत नाही, चेपते. अट मोडलेली नाही. चहाच्या कपाचा कान निघाला, पण कप शाबूत आहे. बायको काही बोलली नाही, म्हणजे तिलाही हे पटलं.

१८ मार्च

कामावरून आल्यावर पाहिलं, सेनापती आपल्या खुणेवर उभा. मान जागच्या जागी. मीच रागाच्या, म्हणजे कामाच्या भरात नीट करून ठेवला असणार. शिवाय मी आणलेली माती उत्तम प्रतीची आहे.

ट्रायपॉड फार हलतो. कारखान्यातलं पाच किलोंचं तपासणीचं वजन आणून त्याच्या मधल्या दांड्याला टांगलं. आता भूकंप झाला तरी हलायचा नाही.

१९ मार्च

वजन अंगठ्यावर पडलं. ट्रायपॉडला धडा शिकवला. तीन पिवळे आणि एक निळा त्यात नाहक गेले. दाराला भोक पडलंय, पण दार ही वस्तू नसून घराचा भाग आहे.

बाईंना फोनवर प्रगती कळवली. त्यांनी विचारलं, राग आल्यावर काय करता? सांगितलं, कॅमेऱ्याकडे वळतो. त्या खूश झाल्या.

२३ मार्च, रविवार

फिल्म लुकलुकते! सगळं हाताने लावलं, तरी लुकलुकते. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, खिडकी उघडी आहे का? उघडी होती. ढग आला की उजेड कमी, गेला की जास्त. पडदा लावा, एकच दिवा ठेवा, म्हणाला. मला हे माहीत होतंच, फक्त लक्षात आलं नव्हतं.

पडदा लावायला गेलो, दांडीसकट हातात आला. दांडीने रणांगण एकदा झाडून काढलं. सोळा ठार. निळ्यांचा तोफेवरचा गोलंदाज पंख्यात गेला. बायको दारात उभी होती. म्हणाली, मी आहे इथे, जरा बघून फिरवा. जणू मला दिसत नाही.

२६ मार्च

यात काहीतरी काळंबेरं आहे. सोळाच्या सोळा उभे! आणि एका पिवळ्याची तलवार उजव्या हातात होती, ती आता डाव्या हातात. म्हणजे माझ्यामागे कुणीतरी सैनिकांना हात लावतं. फोटो जुळत नाहीत याचं कारण सापडलं. माझी चूक नव्हतीच, घातपात आहे!

बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुमचे सैनिक, तुमची लढाई, मला कामं थोडी आहेत का? नजर चुकवून म्हणाली. मी मूठ आपटली, तेही टेबलावर, आणि तिने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले. नाटकं आहेत सगळी.

२८ मार्च

चोर पकडायचा तर टाइम लॅप्स. त्यासाठी दुसरा कॅमेरा हवा. मेहुण्याकडून तो जुना मोबाइल मागून आणला. फक्त पुराव्यापुरता. दोन फोटोंमध्ये किती वेळ ठेवणार, असं त्याने विचारलं. दर तीस सेकंदांनी एक फोटो घेतला, तर बारा तासांचे चौदाशे चाळीस फोटो होतात. सेकंदाला चोवीस पळवले की अख्खा दिवस एका मिनिटात. हा हिशेब मी तोंडी केला. मेहुणा म्हणाला, ताई बरी आहे ना? विषयाशी काही संबंध नसताना.

३० मार्च, रविवार. संध्याकाळ

मोबाइल कपाटावर, मागे पाच किलोंचं वजन, वायर प्लगला. सकाळी सात ते संध्याकाळी सात. बायकोला सांगितलेलं नाही.

दिवस शांत गेला. किरकोळ अडचणी: दिवा गेला, मेमरी कार्ड भरलं, एका पिवळ्याच्या मातीच्या घोड्याचा पाय तुटला. चारच्या सुमारास ट्रायपॉडचा पाय निखळला. मालच तकलादू. मग चालायला बाहेर पडलो, कारण मला राग आवरता येतो.

परत आलो तर बायको घरात नव्हती. भाजी आणायला गेली असेल. सातपर्यंत आली नाही. आज बाजारात गर्दी असावी.

३१ मार्च, सोमवार. सकाळ

आली नाही. फोन बंद. रजा टाकली आणि चोर पकडायला बसलो.

फिल्म उत्तम आली आहे. स्थिर. लुकलुक नाही. माझ्या कॅमेऱ्याने महिनाभरात असा एक सेकंद दिला नाही, एवढं कबूल.

एक मिनिट. परत पाहिली. मग एकेक फोटो करून.

चोर बायकोच. मी खोलीबाहेर गेलो की ती येते. कपाटाखालची मुंडकी काढते, चिकटवते, केसांतली पिन काढून तलवारी सरळ करते, पेन्सिलच्या खुणा बघून एकेकाला उभा करते. मी आत येतो. सगळे खाली. मी जातो, ती येते. दिवसातून चार वेळा.

माझा हात वर असलेले फोटो मोजले. एक्केचाळीस. एखाद्या फोटोत हात वर सापडला तर योगायोग म्हणता येईल. पण फोटो अर्ध्या मिनिटात एकच आहे. एक्केचाळीस वेळा सापडतो, म्हणजे हात दिवसभर वर-खाली होत होता. तपासनीस म्हणून मला यावर सही करावी लागेल.

चार वाजून सात मिनिटं. माझ्या हातात ट्रायपॉड, हात वर. समोर ती, दोन्ही हात डोक्यावर. पुढचा फोटो: ती जमिनीवर बसलेली, मी तिच्याकडे पाठ करून, कॅमेरा हातात धरून फोकस बघतोय. मधल्या तीस सेकंदांचा फोटो नाही.

पाच वाजता ती परत आली आहे. डावा हात पोटाशी धरलाय. एका हाताने चाळीसच्या चाळीस सैनिक उभे केलेत. वीस मिनिटं लागली. शेवटच्या फोटोत खांद्याला पिशवी आहे आणि ती निळ्या सेनापतीची मान बसवते आहे.

त्यानंतर रिकामी खोली. टेबलावर सगळे जिवंत.

दुपार

मेहुणा मोबाइल न्यायला आला. मला दाजी म्हणाला नाही. मनगट मोडलंय, म्हणाला, प्लास्टर घातलंय, आणि आता तुम्ही येऊ नका. मी म्हटलं, ट्रायपॉड हलका होता, पाय निखळला. त्याने मोबाइल खिशात टाकला. फिल्म त्यातच आहे. दाराच्या भोकाकडे बघत उभा राहिला आणि गेला.

मधल्या तीस सेकंदांत काय झालं ते मला आठवत नाही, असं लिहायला बसलो होतो. बाई म्हणाल्या होत्या, कुणी वाचणार नाही.

आठवतं.