मालकिणीची भिंत

तियावलेन, रुफिस्क
सोमवार, ९ मे २०२२

सन्माननीय मामेभगिनी यासीन हिचे सेवेशी,
मसाम्बा न्दोय याचा सलाम वि. वि.

येथील सर्व क्षेम. गुडघा त्याच्या मर्जीने वागतो, बाकी तक्रार नाही. तिकडे सेंट लुईला नदीकाठी उकाडा कसा आहे, सूनबाईंची प्रकृती कशी आहे, ते सविस्तर कळवावे. फोन करीत जा, असा निरोप आपण धाडला होता. तो जमण्यासारखा नाही. फोनवरचा शब्द वाऱ्यावर जातो. कोर्टात पक्षकारांची नावे पुकारण्यात माझी हयात गेली. कागदावर नाही ते खरे मानण्याची सवय उरलेली नाही.

आता मुख्य विषय. डाकारच्या काही मंडळींनी आमच्या आळीत चित्रांचे प्रदर्शन मांडले आहे. प्रदर्शन म्हटले की दालन, दार आणि दारावर पहारेकरी असे मी समजत होतो. येथे घरांच्या भिंती हेच दालन. मेंढे, कोंबड्या व शेजारचे हाजी म्बेंग यांच्यासह कोणीही आत येऊ शकतो, कारण आत असे काही नाहीच. ब्राझीलहून आलेल्या एका गृहस्थाने न्हाव्याच्या भिंतीवर सिंह काढला असून त्याला दात नाहीत आणि अंगात शाळेचा गणवेश आहे. एका जपानी बाईंनी सुक्या मासळीच्या वखारीवर शेळी रंगवली आहे. शेळीच्या पोटाला खिडक्या आहेत व आत एक कुटुंब भात खात बसले आहे. ही मंडळी वेडी असावीत असे मला प्रथम वाटले. मी त्यांना चहा पाजला. सर्व सुशील आहेत.

आमच्या घराची समुद्राकडची भिंत आपल्या सुकेनास मिळाली. माझ्या या नातीने आजवर न्हाव्यांच्या आणि शिंप्यांच्या पाट्या रंगवल्या. पाटीवर न्हाव्याचे नाव असते, शिंप्याचे असते; रंगवणारीचे नसते. या भिंतीखाली तिचे स्वतःचे नाव राहणार आहे. उद्घाटन २८ तारखेस. तिने रीतसर परवानगी मागितली व मी ती दिली. माझी समजूत अशी की ती होडी काढील, फार तर मिनार.

तिने शिडी लावली, तोंडास फडके बांधले आणि फवाऱ्याचे डबे हाती घेतले. काम पुरे झाल्याखेरीज पाहू नये असे तिने विनवल्यामुळे मी समुद्राकडे फिरकलो नाही. काल पाहिले.

जोत्यापासून गच्चीपर्यंत एका बाईचा चेहरा आहे. रंग ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, काळ्यात निळा. डोळे बाहुलीचे असतात तसे, चेहऱ्यास न झेपणारे. कानात डूल म्हणून परदेशी मासेमारी जहाज लोंबते आहे, आणि तेच गळास लागलेले आहे. केसांत आपली रंगीत मिनीबस अडकली आहे. प्रवासी सगळे मासे, आणि मागच्या दारास लटकून ओरडणारा कंडक्टर म्हणजे खेकडा. हनुवटीपाशी ऑक्टोपस चहा करीत बसला आहे. एका हाताने उंचावरून ओततो, बाकीचे हात सगळ्यांना थोडा धीर धरा म्हणताहेत. डावा डोळा तर नेमका माझ्या खोलीच्या खिडकीवर आला आहे. मापे घेताना पोरीचे लक्ष नसावे.

तिला रागे भरावे म्हणून मी बाहेर गेलो होतो. हातात मिरी घातलेल्या तूबा कॉफीचा पेला होता. योग्य शब्द जुळवीत भिंतीसमोर उभा राहिलो. कॉफी निवून गेली. न रागावताच आत परतलो.

कळावे. गुलामाच्या वाट्यास येईल तेवढा लोभ असू द्यावा.

आपला आतेभाऊ,
मसाम्बा न्दोय


सेंट लुई
शनिवार, १४ मे

माझा गुलाम मसाम्बा यास,
मालकीण यासीनचे अनेक आशीर्वाद, आणि त्यासोबत एक चापट.

टॅक्सीवाल्याने पत्र आणून दिलं. 'आपण' काय, 'सेवेशी' काय! वाचता वाचता मी पदर सावरून उभी राहिले, म्हटलं आता माझं नाव पुकारणार. अरे, मी तुझ्या मामाची लेक. मामाची लेक मालकीण आणि आत्याचा लेक गुलाम, ही रीत आपल्या दोघांच्या जन्माआधीची. गुलामाने एवढं शुद्ध लिहू नये, मालकिणीला लाज वाटते. माझ्या दुसऱ्या नातवंडाच्या बारशाला तुला भांडी घासायला बसवलं होतं त्याचा राग अजून गेला नाही वाटतं. बाबा रे, त्या दिवशी तू एकट्याने जेवढा भात खाल्लास, त्या मानाने भांडी कमीच होती.

उकाडा आहे. सून बरी आहे. तिसरं येणार आहे, दृष्ट लागू नये.

आता भिंतीचं ऐक. सुकेनाने सुनेच्या फोनवर फोटो पाठवला. मी चष्मा लावला, सुनेने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जहाज बघितलं, खेकडा बघितला, हसून पोट दुखलं. मग ती डाव्या डोळ्यावर आली. बुबुळाच्या जागी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा बसलेला, पोटात कळ आल्यासारखं तोंड करून. सून म्हणाली, आई, केवढं बारीक काम केलंय हो, माणूस अगदी जिवंत वाटतो. मी म्हटलं, वाटणारच, तो माझा आतेभाऊ आहे.

कळलं का तुला? पोरीचं लक्ष नव्हतं म्हणतोस! तू खिडकी उघडून बसलास की ती बाई बघते. तू खिडकी लावून घेतलीस की ती डोळा मिटते. तुझ्या घरासमोर जे लोक फोटो काढतात ना, ते तुझे काढतात. निदान तोंड तरी बरं करून बसत जा.

खूप हसले आणि मग चष्मा काढून ठेवला. सेनाबू वहिनी गेल्यापासून तू त्या खिडकीत बसतोस हे मला ठाऊक होतं. ते बाहेरून कसं दिसतं हे ठाऊक नव्हतं.

गुडघ्याला तेल लाव. माझी आठवण ठेव, भाताची कमी काढ.

तुझी मालकीण,
यासीन


तियावलेन, रुफिस्क
शनिवार, २१ मे

सन्माननीय मामेभगिनी यासीन हिस,
मसाम्बाचा सलाम वि. वि.

पत्र पावले. सूनबाईंस आशीर्वाद. परमेश्वर सर्व सुखरूप पार पाडो.

आपण लिहिलेल्या गोष्टीची खातरजमा करणे अवघड गेले. मी खिडकीत असताना बाहेर असू शकत नाही. अखेर खुर्चीच्या पाठीवर माझी टोपी ठेवली, खिडकी उघडी टाकली आणि वाळूत जाऊन उभा राहिलो. यासीन, टोपी इवलीशी दिसत होती, आणि ते एवढे थोरले डोळे तिच्याखेरीज दुसरे काही पाहत नव्हते. समुद्राकडे पाठ करून मी बराच वेळ तेथे होतो. एका होडीवाल्याने हाक मारून विचारले की काका, काही हरवलंय का. नाही, असे उत्तर मी दिले. ते बरोबर होते की नाही हे सांगता येत नाही.

मात्र त्यानंतर जे घडले ते गंभीर आहे.

मंगळवारी सकाळी मासळी खारवणारी न्गोने भिंतीच्या पायथ्याशी वाकलेली दिसली. तिने बाजरीचा घाटा ठेवला होता व त्यावर दही ओतले होते. हे काय, असे मी विचारले. ती म्हणाली की अहो काका, तुम्हाला दिसत नाही का, कुंबा आजी वर आलीय! आपल्या समुद्रात राहणारी ती आजी. दर्या पुढे सरकतोय, घरं गिळतोय, म्हणून ती स्वतः उठून त्याच्या आडवी बसली, असे तिचे म्हणणे. दुपारपर्यंत घाट्याची भांडी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली. बुधवारी ओल्या बाळंतिणीने तान्हे मूल आणून त्या ऑक्टोपसाखाली टेकवले. मुंग्या किती झाल्या ते लिहीत नाही.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर लोक उठत असताना हाजी म्बेंग यांनी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले की न्दोयांच्या घरी हल्ली भिंतीला नैवेद्य दाखवतात म्हणे, तेव्हा पहिल्या ओळीत बसणाऱ्यांची तोंडं नक्की कुठल्या दिशेला असतात ते एकदा तपासायला हवं. काही लोक हसले. मी पहिल्या ओळीत बसतो. मी उभा राहिलो आणि कोर्टातल्या आवाजात जाहीर केले की पुढल्या शुक्रवारच्या नमाजाआधी माझी भिंत पांढरी झालेली असेल. तो आवाज मी निवृत्तीनंतर प्रथमच वापरला. मशिदीत एवढी शांतता झाली की बाहेरचा मेंढा ऐकू आला.

घरी येऊन सुकेनास सांगितले. ती रडली असती तर मला रागावता आले असते. ती एवढेच म्हणाली की भिंत तुमची आहे, आजोबा. मग तिने स्वतःच चुना भिजत घातला. कुंचला दाराशी ठेवला आहे. ती रोजच्यासारखा भात रांधते, आमच्या परातीतला माशाचा चांगला तुकडा माझ्या बाजूस सारते आणि उद्घाटनाचे नाव काढत नाही. जपानी बाई येऊन तिच्याजवळ बसून गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

पुढच्या शनिवारी पाहुणे येतील तेव्हा तिच्या नावावर एक पांढरी भिंत असेल. शब्द मी चारचौघांत दिला आहे. दिलेला शब्द फिरवणारा न्दोय अद्याप जन्मास आलेला नाही.

मी सल्ला मागत नाही. केवळ कळवीत आहे. टॅक्सीवाला मंगळवारी तिकडून परत निघतो असे तो म्हणत होता.

लोभ असावा.

आपला,
मसाम्बा


सेंट लुई
मंगळवार, २४ मे

गुलाम मसाम्बा यास मालकिणीचा हुकूम,

टॅक्सीवाला दारात हॉर्न वाजवतोय, म्हणून नमस्कार-चमत्कार पुढच्या वेळी.

तू म्हणे भर मशिदीत 'माझी भिंत' म्हणालास. कुणाची भिंत? गुलामाचं जे काही आहे ते मालकिणीचं. तुझी टोपी माझी, तुझा मेंढा माझा, तो दुखरा गुडघा तेवढा तुझ्याकडे राहू दे. भिंत माझी आहे. माझ्या भिंतीबद्दल शब्द द्यायला तुला सांगितलं कुणी? ज्याचा माल नाही त्याने दिलेला शब्द मोडत नाही, तो मुळात लागूच होत नाही. एवढी वर्षं कोर्टात उभा होतास, की तिथेही झोपाच काढल्यास?

माझ्या परवानगीशिवाय त्या भिंतीला चुन्याचा थेंब लागला, तर मी या वयात सात माणसांच्या टॅक्सीत कोंबून घेऊन तिथे येईन आणि तुझ्या दारात बसेन. मग मला भात घाल.

हे पत्र शुक्रवारी त्याच ओळीत, त्याच आवाजात वाचायचं. गाळायचं नाही, टोपीसुद्धा नाही.

बायकांना सांग, आजी समुद्रात असते. घाटा तिच्याकडे न्या, दर्या काय दोन पावलांवर तर आहे. आमच्या नदीतली आजी कधी कुणाच्या भिंतीवर येऊन बसली नाही, तुमच्याकडचीला घरात काही काम नाही का?

आणि एक सांग मला. तू भिंतीसमोर थिजलास, बायकांनी दही ओतलं, हाजी कोकलला. ही बाई कोण, असं त्या पोरीला कुणी विचारलं का?

यासीन


तियावलेन, रुफिस्क
रविवार, २९ मे

मालकीण यासीन हिचे पायाशी,
मसाम्बाचा सलाम वि. वि.

हुकुमाची अंमलबजावणी झाली, ती पुढीलप्रमाणे.

शुक्रवारी नमाज आटोपल्यावर मी उभा राहिलो व आपले पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचले. टोपी गाळली नाही. गुडघा गाळला नाही. झोपा काढल्याचे वाक्यही पूर्ण वाचले.  ऐकणाऱ्यांपैकी प्रथम कोण हसले ते कळले नाही. मग खांबसुद्धा हसत असल्यासारखे वाटले. इमामसाहेबांनी दाढीवर हात ठेवून निकाल दिला की मालकी सेंट लुईला असल्याने या भिंतीबद्दलची तक्रार तिथे नेली पाहिजे. हाजी म्बेंग यांनी विचारले की मालकीण भात देते का, की नुसतेच हुकूम? मग त्यांनीच सांगितले की त्यांच्याही मामेबहिणीने एकदा त्यांची नवी चप्पल काढून नेली होती आणि त्यांना आभार मानावे लागले होते. संध्याकाळी ते स्वतःचे स्टूल घेऊन भिंतीसमोर आले. खेकड्याकडे पाहून म्हणाले की हा हुबेहूब सकाळच्या बसचा कंडक्टर आहे, सुटे मागितले की असाच बघतो.

घाटा आता किनाऱ्यावर जातो. न्गोने भिंतीजवळून जाताना मान तेवढी लववते. नमस्काराला मुंग्या येत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे.

काल उद्घाटन झाले. डाकारहून मोठमोठे लोक आले होते. मी खिडकीत बसलो. चांगला झगा घातला होता आणि तोंड शक्य तितके बरे ठेवले. वाळूवर एवढी माणसे उभी होती व मलाही रंगवलेला समजून पाहत होती. मी हात वर केला. तेव्हा सर्वांच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा मी कोर्टात फक्त निर्दोष सुटकेच्या वेळी ऐकला आहे.

गर्दी पांगल्यावर आपण विचारावयास सांगितलेला प्रश्न मी सुकेनास विचारला. कोणीच विचारला नव्हता, मीही नाही. ती म्हणाली की मला नाही माहीत, आजोबा, ती कोण आहे. भिंतीकडे बघत वाळूत बसले होते, काय काढायचं सुचत नव्हतं. तुम्ही खिडकीत होतात. आजी असताना तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर असायचात, आता नुसते खिडकीत. मला वाटलं, माझा आजोबा कुणाच्या तरी डोळ्यांत असायला पाहिजे. म्हणून खिडकीभोवती डोळा काढला. डोळा एवढा मोठा झाला की त्याला शोभेल असा चेहरा काढावा लागला. मग एवढ्या मोठ्या बाईच्या अंगावर काही दागिने नकोत का?

यासीन, माझे शिक्षण चौथीपर्यंत.  मी म्हणालो की रंग चांगला आहे, आणि तो किती वर्षे टिकेल असे विचारले.

ती सहज म्हणाली की दोन पावसाळे, फार तर तीन. खारा वारा आधी निळा खाईल, मग काळा, आणि खालचा जुना चुना उघडा पडेल. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. वाईट नाही वाटणार, असे मी विचारले. ती म्हणाली की वाटेल ना, पण भिंत रस्त्यावरची आहे, आजोबा, ती दर्याशी कशी भांडेल?

आज पहाटे नमाजाहून परतताना मी भिंतीला बोट लावून पाहिले. बोटास किंचित निळे लागले.

तेव्हा भिंत पांढरी होईल हे मी भर मशिदीत बोललो, ते खोटे नव्हते. मुदत तेवढी चुकली. माझा शब्द दर्या पाळणार आहे, सावकाश. तो पाळून होईपर्यंत खिडकी रोज उघडण्याचे काम माझ्याकडे आहे.

सूनबाईंस सांभाळावे. बाळ आले की कळवावे. भांडी घासावयास येईन. लोभ कमी केल्यास तक्रार सेंट लुईसच दाखल करीन.

आपल्या भिंतीचा राखणदार,
गुलाम मसाम्बा