पाचव्या कलमात नाव नाही

मी, वीणा प्रल्हाद नाखरे, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार ड्रोहेडा, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आठ एप्रिलला माझी शस्त्रक्रिया आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तशी कुणी वाटही पाहत नव्हतं.

१. हे घर आणि बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ प्रताप याला. माझ्या गाठीचा रिपोर्ट त्याने त्रेचाळीस जणांच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, फोन एकाचाही आला नाही. त्याला माफ केलं, असं लिहिणार होते. अजून केलेलं नाही. घर तरीही त्याचंच.

२. मृत्युपत्राची अंमलबजावणी ब्युमॉन्टला राहणारी माझी मैत्रीण शुभदा करील. जुना लॅपटॉप तिला, या अटीवर की तो चालू राहील. ज्या देशांत सरकार इंटरनेट अडवतं, तिथल्या लोकांचे निरोप त्यातून वाट काढतात. कुणाचे, ते मला दिसत नाही. दिसू नये अशीच त्याची रचना आहे.

३. अशा लोकांना मदत करणाऱ्या ऑनलाइन गटात एकीशी मात्र ओळख झाली. ती म्यानमारची, साडेपाच कोटींत एवढ्यावरून सापडायची नाही. फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतल्यावर मोर्च्याचे निरोप कसे पाठवावेत, हे मी तिला शिकवलं: खरं नाव नको, निरोप दिवसभरात आपोआप पुसले जावेत, नेट तोडलं तर एका फोनवरून जवळच्या फोनवर. ती मला 'आमा' म्हणते, म्हणजे ताई.

"आमा, तुमच्याकडे पोलीस काय करतात?"

"सध्या लॉकडाउन आहे, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे गेलं की परत घरी पाठवतात."

"घरी? मग मला बोलवा तिकडे. रोज सहा किलोमीटर चालेन!"

या वर्षात माझ्याशी इतकं कुणी बोललं नाही. म्हणून पुसले जाणारे निरोप मी रोज डायरीत उतरवले. एकदा भरात तिने खरं नाव सांगितलं, तेही. नोंद राहावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर रविवारी वाचायला काही हवं होतं.

अकरा दिवस तिचा निरोप नाही. नेट तोडलं असेल, असं रोज म्हणते. तिला पकडलं असेल, तर ते नाव कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. ती लपली असेल, तर कुठेच नको. यातलं कोणतं खरं, मला माहीत नाही. माझ्यामागे डायरी प्रतापच्या हाती पडली, तर ती ग्रुपवर जाईल, हे मात्र माहीत आहे. काल ती डायरी शेजारच्या ब्रीडाला कुंपणाच्या भिंतीवरून दिली. तिने ती घर तापवायच्या लाकडाच्या स्टोव्हमध्ये टाकली. धूर दिसेपर्यंत मी अंगणात उभी होते.

४. साक्षीदाराला इथे काही देता येत नाही, म्हणून ब्रीडा आणि पोस्टमन इमन यांना काही नाही. सही मागावी अशी या गावात मला दोनच माणसं.

"मराठीत? म्हणजे कशावर सही करतेय ते मला कळणारच नाही?" ब्रीडाने विचारलं.

"तुम्ही फक्त मला सही करताना पाहायचं."

"मग ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, चालेल.

५. घराची मागची खोली म्यानमारच्या तिच्या नावे करावी, असं मनात होतं. कधी आलीच तर. शुभदा म्हणाली, "अगं, नावाशिवाय देता येत नाही. आणि मृत्युपत्र कोर्टात मंजूर झालं की कुणीही मागवून वाचू शकतं."

"मग?"

"मग देऊ नकोस, बाई."

म्हणून हे कलम असं:

मागची खोली ______________ हिला.

ही जागा मी जाणून मोकळी ठेवली आहे. माझ्यामागे ती कुणी भरू नये.

(सही) वीणा प्रल्हाद नाखरे

आम्हां दोघांच्या देखत सही केली:
१. ब्रीडा कॅरोलन
२. इमन मॅकीव्हर

ड्रोहेडा, ३० मार्च २०२१