कॅमेऱ्यासमोरची आई

३ मार्च
शाळेतून काढलं. एकदाचं! खुर्ची फेकली म्हणून. लागली कुणालाच नाही. आई मासळीच्या कारखान्यातून तशीच पांढऱ्या गमबुटांत आली. मला एक शब्द बोलली नाही. गप्प बसते नुसती. त्याचाच जास्त संताप येतो!

९ मार्च
मासे-चिप्सच्या दुकानात भांडले. दुकानदार गारढोण तळलेले बटाटे देतो आणि वर दात काढतो! बाहेर लंडनची एक बाई उभी — इमोजेन. सिनेमा काढतेय म्हणे, इथेच, ग्रिम्सबीत. एका बिघडलेल्या मुलीवर. मला म्हणते, "तुझ्यात आग आहे." आग कसली, भूक होती! त्या मुलीचं काम मलाच करायला सांगितलं.
आईने सही दिली. घरात बसून डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणाली.

२ एप्रिल
शूटिंग. माणसं इतकी कमी की इमोजेनच चहा वाटते. माझ्या आईचं काम मार्गो नावाची नटी करते. सिनेमातली आई दारू पिते. "लोकांना वाटेल ही मीच," आई म्हणाली.
"तू कुठे पितेस? तू काहीच करत नाहीस!"
लागलं असेल. लागू दे.

११ एप्रिल
हलकट. सगळे हलकट!
स्वयंपाकघरातला सीन. इमोजेन म्हणाली, "संवाद विसर. मार्गोचं ऐक आणि मनात येईल ते बोल." कॅमेरा सुरू. आणि मार्गो म्हणते, "तू चार वर्षांची होतीस ना, तेव्हा माझं ऑपरेशनबिपरेशन काही झालं नव्हतं. तुला मावशीकडे टाकून मी निघून गेले होते. परत यायचंच नव्हतं मला."
ऑपरेशन! आईचं ऑपरेशन म्हणून मी मावशीकडे काढलेले ते महिने! हे सिनेमातल्या मुलीचं नाही — माझं आहे!
बशी भिंतीवर फोडली. मार्गोला ढकललं. इमोजेनला नाही नाही ते बोलले. ती डोळे पुसत म्हणते, "कट. अप्रतिम."
अप्रतिम!!

१२ एप्रिल
गेले नाही. फोन वाजतोय. वाजू दे मेला.

१३ एप्रिल
इमोजेन दारात.
"मावशीला गाठलंस ना? चोरटी!"
"मी कुणालाच विचारलं नाही, कीली. मला येऊन सांगितलं."
"कुणी?"
ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मागे आई उभी होती.

१४ एप्रिल
आईनेच सांगितलं होतं. मार्गोच्या तोंडून वदवायचं, हेही आईचंच डोकं. "मला जमेना गं. वाटलं, ती नटी आहे, तिला जमेल."
मी इतकी किंचाळले की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मग म्हटलं, "आता तू म्हण. माझ्याकडे बघून."
म्हणाली. सगळं.
"मग परत कशाला आलीस?"
"नुसतं बघून जायला आले होते. मग जाववलंच नाही."