अप्पांवरची चादर

२ एप्रिल
अक्कलकोट रस्त्यावरील खाजगी रायफल क्लबमध्ये आज रुजू झाले. वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून नेमबाजांसाठी काडतुसे बनवणे हे येथील काम. त्या दारूच्या भांडाराची देखरेख हे माझे. राहण्यास स्वच्छ खोली मिळाली आहे. खिडकीबाहेर कडुनिंब, पलीकडे भांडाराचे दार. पुस्तके फडताळात लावली आणि मन प्रसन्न झाले.

मालक शिवानंदअण्णांनी रसायनशास्त्रातील एकही प्रश्न विचारला नाही. मी मराठी माध्यमातली, विद्यापीठात पहिली आले, हे ऐकून म्हणाले, ‘मग डब्यावरचं इंग्रजी वाचता येतंय की न्हाय?’ आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मी मान खाली घातली. मला वाचता येते. त्यांनी वाचले असते, तर भांडारावर पत्र्याचे छप्पर नसते.

६ एप्रिल
धूरविरहित दारू थंड, कोरड्या जागी, मूळ डब्यात ठेवली तर अनेक वर्षे टिकते. उष्णतेने मात्र तिच्यातील विघटन रोखणारा घटक संपत जातो. तो संपला की दारू स्वतःच तापू लागते आणि अखेर पेटते. एवढे चार ओळींचे ज्ञान अण्णांना हलक्या आवाजात सांगितले. ते नेमबाजांकडे वळून म्हणाले, ‘ऐका, मॅडम म्हणतायत दारू नासती. दूध हाय व्हय ते?’ सगळे हसले. लाखाची बंदूक खांद्यावर आणि तिच्या पोटात काय जाते याचा पत्ता नाही, असे हे रसिक. उत्तर तयार होते; ते येथे लिहीत आहे.

१५ एप्रिल
आज प्रथमच भांडाराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात गेले आणि कोणी पांघरूण घेऊन झोपले आहे असे वाटून दचकले. ती लोखंडी पेटी निघाली. क्लबचे संस्थापक, अण्णांचे वडील अप्पा, यांच्या हातचे दारूचे शेवटचे डबे तिच्यात कुलूपबंद आहेत. दर पुण्यतिथीला अण्णा तिच्यावर नवी सोलापुरी चादर पांघरतात. जुनी काढणे म्हणजे अप्पांचा अपमान. या शहरात पाहुण्यांचा चादर देऊन सत्कार करतात, हे ठाऊक होते. येथे स्फोटकाचा होतो.

स्वयंपाक आणि दिवाबत्ती पाहणाऱ्या काशम्मा रोज त्या ढिगावर तळवा टेकतात. मलाही म्हणाल्या, ‘हात लाव की गं. थोरले मालक अजून ऊबदार हायत.’

अडाणीपणाची कीव करीत मी हात लावला. सकाळ होती. फरशी गार होती.

ढीग गरम होता.

२८ एप्रिल
ऊब वाढली आहे. चादरी उचलल्या तेव्हा आंबट, घशाला टोचणारा वास आला. चांगल्या दारूला असा वास नसतो. आतल्या चादरीला तांबूस डाग. पेटी उघडून ती दारू पाण्यात बुडवायलाच हवी. किल्ली अण्णांच्या कमरेला. मी सांगू लागले तर म्हणाले, ‘अप्पांना आंघोळ घालताय व्हय?’ त्यांनीच चादरी पुन्हा नीट खोचून ठेवल्या, मुलाला निजवावे तशा. मूर्खपणालाही इतकी माया असते, हे मला नवे होते.

९ मे
पाऱ्याने ताळ सोडला आहे. आज ढीग हलला. वर आला, खाली बसला. कोंडलेल्या वायूने झाकण कुलपाच्या ढिलाईइतके उचलले जात असणार. हेच कारण. दुसरे असूच शकत नाही. काशम्मा आनंदल्या – ‘मालक श्वास घ्यायलेत.’

मी हसले नाही.

१२ मे
अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडून ‘बोला’ म्हणाले. बोलले नाही. ठेवला. मग तीन पानी अर्ज लिहिला, निर्दोष भाषेत. उद्या टाकेन –

१४ मे
टपाल बंद. सुट्टी. अर्ज पुस्तकात.
वास खोलीपर्यंत.
आत कोणी कण्हते आहे. पत्रा तापून वाजत असेल. असेल –

१६ मे
अप्पांची पुण्यतिथी. अण्णा नवी चादर आणायला शहरात गेले आहेत. मी खिडकीशी.

भांडाराच्या दाराखालून तांबूस धूर – तपकिरी – जमिनीलगत –

काशम्मा अंगणात. हातात पेटता दिवा. त्यांना वाटते आहे धूप. माझ्याकडे पाहून हसल्या. चालल्या आहेत.

ओरडायला हवे. पन्नास पावलांवरून ऐकू येईल. तोंड उघडले, आवाज नाही –

काशम्मा, थांबा. काशम्मा, मागे या. काशम्मा, दार उघडू – हे सारे मी लिहिते आहे, लिहितेच आहे, त्यांना वाचता येत ना–